मधुमेही पायाची जखम आणि जिवाचा धोका : डॉक्टरांनी सांगितलेला आकडा खरा मानावा का?

प्रश्न : गोव्यातील डिचोलीहून एक सून

नमस्कार. माझ्या सासऱ्यांच्या पायाला झालेल्या जखमेविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे, कारण घरात सध्या याच एका विषयावर बोलणे चालू असते आणि आमचे एकमत होत नाही. त्यांचे वय ६६ असून मधुमेहाचे निदान होऊन वीसेक वर्षे झाली. खाणीवर नोकरी होती तोपर्यंत तपासणी वेळच्या वेळी होत असे. नोकरी संपल्यावर ते काजूची बाग पाहू लागले आणि तपासणी मात्र बरे वाटेनासे झाले तरच, एवढ्यावर येऊन थांबली.

गेल्या महिन्यात ते न्हाणीघरातून बाहेर आल्यानंतर बऱ्याच वेळाने सासूबाईंना लादीवर त्यांच्या पावलांमागोमाग उमटलेले ओलसर, किंचित पिवळट डाग दिसले. पाय उचलून पाहिला तेव्हा उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या जुन्या घट्ट्याच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती आणि ती झिरपत होती. सासऱ्यांना त्याची काहीच कल्पना नव्हती, कारण तिथे दुखतच नव्हते.

आम्ही त्यांना एका खासगी इस्पितळात नेले. तेथील डॉक्टरांनी घट्टा कापून जखम साफ केली, प्रतिजैविके दिली, पायावर भार देऊ नका म्हणून बजावले आणि नंतर मला व माझ्या यजमानांना बाजूला घेऊन सांगितले की, अशी जखम झालेल्या शंभर रुग्णांपैकी तीस ते चाळीस जण पुढील पाच वर्षांत दगावतात आणि त्यांतले पुष्कळसे हृदयविकाराने जातात, म्हणून पायाबरोबर हृदय आणि मूत्रपिंडे यांचीही तपासणी करून घ्या. त्यांनी ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि कोलेस्टेरॉल अशी यादी लिहून दिली. माझ्या दिरांचे म्हणणे असे की, तळव्याच्या जखमेसाठी इको सांगणे म्हणजे बिल वाढवणे होय. यजमान पुरते घाबरले असून हे वडिलांच्या कानावर जाता कामा नये, असा त्यांचा आग्रह आहे.

माझे प्रश्न दोनच आहेत. रुपयाएवढ्या जखमेचा आणि मृत्यूचा इतका जवळचा संबंध खरोखर आहे का? आणि असला, तर तो धोका कमी करता येतो, की फक्त जाणून घेऊन गप्प बसायचे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : निवृत्त फिजिशियन, फोंडा

ताई, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा खरा आहे आणि त्यांनी तो सांगितला याचे मला समाधान वाटते, कारण अनेक ठिकाणी जखम बांधून रुग्णाला घरी पाठवले जाते आणि हा विषय निघतच नाही.

ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी तपासून केलेला एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पायाला मधुमेही जखम झालेल्यांपैकी सुमारे ५ टक्के लोक पहिल्या वर्षात आणि सुमारे ४२ टक्के लोक पाच वर्षांत मरण पावल्याचे आढळले. अमेरिकेतील संशोधकांनी २०२० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण ३०.५ टक्के असल्याचे दाखवले आणि त्याच लेखात सर्व प्रकारच्या कर्करोगांचे एकत्रित प्रमाण ३१ टक्के असल्याचे नोंदवले. कर्करोगाचे नाव निघाले की घरातील प्रत्येक माणूस हातातले काम टाकून धावतो. तळव्याच्या जखमेसाठी मात्र ‘पुढच्या आठवड्यात दाखवू’ असे म्हटले जाते. हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे आणि त्याचा मला आजही त्रास होतो.

आकड्यांत फरक दिसतो, तो कोणत्या रुग्णांची गणना केली यावरून पडतो. इस्पितळात दाखल झालेले, रक्तपुरवठा बिघडलेले, डायलिसिसवर असलेले रुग्ण अधिक असतील तर प्रमाण वाढते. लहान, वरवरची आणि लवकर लक्षात आलेली जखम असलेले अधिक असतील तर घटते. शिवाय यांतील बरेच जण वयस्कर असतात, त्यामुळे काही मृत्यू जखम नसती तरीही झालेच असते. म्हणून तुलना करायची ती मधुमेह आहे पण पायाला जखम नाही अशा माणसांशी. आणि तशी तुलना केली तरी पाच वर्षांत मृत्यू येण्याचा धोका सुमारे अडीच पट भरतो.

आता कारणाकडे येतो. तुमच्या सासऱ्यांना जखम दुखली नाही, कारण अनेक वर्षांच्या वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा, म्हणजे संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू, निकामी होत गेल्या आहेत. नसा गेल्या की पायाच्या लहान स्नायूंचा तोल बिघडतो, बोटे वाकतात, तळव्याच्या ठरावीक भागावर जास्त भार येतो, तिथे घट्टा धरतो आणि अखेर त्या घट्ट्याखाली मांस फाटते. वीस वर्षे साखर फक्त पायाच्याच नसांपर्यंत पोहोचली आणि बाकीचे शरीर तिने वगळले, असे कधी होत नाही. ज्या माणसाच्या पायाला अशी जखम होते, त्याच्या हृदयाच्या, मेंदूच्या आणि मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्याही बहुधा तितक्याच जुन्या दुखण्यातून गेलेल्या असतात. जखम त्या सगळ्याची दिसणारी बाजू असते. जखम स्वतःही नुसती बसून राहत नाही. दीर्घकाळ चाललेला दाह आणि जंतुसंसर्ग यांमुळे हृदयावरचा ताण वाढतो आणि चालणे बंद झाल्याने साखर व वजन दोन्ही बिघडतात.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. हृदयाकडे जाणाऱ्या नसाही याच रोगाने दुबळ्या होतात. त्यामुळे अशा रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत दुखेलच असे नाही. अचानक धाप लागणे, गार घाम सुटणे, मळमळणे, कारण नसताना गळून जाणे, एवढीच लक्षणे असू शकतात, आणि घरची माणसे ती ‘पित्त झाले’ म्हणून सोडून देतात. तुमच्या घरी असे काही घडले तर सोडा-लिंबू देत बसू नका. १०८ ला फोन करा.

दिरांच्या शंकेला उत्तर असे की, ईसीजी, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि लघवीतील अल्ब्युमिन या साध्या तपासण्या आहेत. खासगीत करायच्या नसतील तर बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात जा, पण करा. इको आधी की नंतर, हे ईसीजी आणि लक्षणे पाहून डॉक्टरांना ठरवू द्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे स्पष्ट उत्तर ‘होय, धोका कमी करता येतो’ असे आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील पायाच्या चिकित्सालयाने २००१ पासून असे धोरण ठेवले की, पायाची जखम घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची हृदयाच्या दृष्टीनेही तपासणी करायची आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), रक्त पातळ ठेवणारी गोळी, रक्तदाबाची योग्य औषधे, ज्याला जे लागू पडेल ते सुरू करायचे. २००८ साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. पूर्वीच्या रुग्णांत पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण ४८ टक्के होते, ते नंतरच्या रुग्णांत २६.८ टक्क्यांवर आले. ही दोन वेगवेगळ्या काळांतील रुग्णांची तुलना असल्यामुळे सगळे श्रेय गोळ्यांनाच देता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही मधुमेही पायाच्या विषयात माझ्या वाचनात आलेल्या सर्वांत आशादायक गोष्टींपैकी ती एक आहे.

उत्तर : ड्रेसिंग विभागातील परिचारिका, म्हापसा

डॉक्टरांनी हृदयाविषयी लिहिले ते अगदी योग्य आहे. पण जिवावर बेतणारी दुसरी वाट पायातूनच जाते, म्हणून मी त्याविषयी लिहिते. जंतुसंसर्ग तळव्यातून हाडापर्यंत गेला, किंवा स्नायूंच्या पोकळ्यांतून वर चढला, की माणूस दोन-तीन दिवसांत अत्यवस्थ होऊ शकतो. जगभरातील अभ्यासांच्या २०२३ सालच्या एकत्रित आढाव्यात या रुग्णांच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी आणि सुमारे एक चतुर्थांश जंतुसंसर्गाने झाल्याचे नोंदले आहे.

म्हणून रोज ड्रेसिंग बदलताना पाय उजेडात धरून नीट पाहावा. जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण बोटाच्या रुंदीपेक्षा, पुढे लाली पसरली असेल, वास येऊ लागला असेल, पाऊल सुजून गरम लागत असेल, बोट काळे-निळे पडत असेल, थंडी वाजून ताप आला असेल, किंवा जेवण आणि औषध तेच असताना साखर एकदम वाढली असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. रविवार असला तरी आणि चतुर्थीचा दिवस असला तरी. सासऱ्यांना दुखत नाही यावर विसंबू नका, कारण दुखण्याची सूचना देणारी व्यवस्थाच त्यांच्या पायात उरलेली नाही.

जखम भरण्याच्या बाबतीत माझा अनुभव असा की, लोक मलमाचे नाव विचारतात आणि भाराविषयी कोणी विचारत नाही. तळव्याच्या जखमेवर दिवसभर शरीराचे वजन पडत असेल तर जगातले सर्वांत महाग ड्रेसिंगही उपयोगाचे नाही. गुडघ्यापर्यंतचा, काढता न येणारा प्लास्टरसारखा साचा हा अशा जखमेवरचा पहिल्या पसंतीचा उपाय मानला जातो. मात्र रक्तपुरवठा फारच कमी असेल किंवा जंतुसंसर्ग जोरात असेल तर तो घालत नाहीत. आपल्याकडे अडचण अशी होते की, खास चप्पल करून घेतली तरी ती उंबऱ्याबाहेर राहते. माणूस घरात, देवघरात, पडवीत अनवाणीच फिरतो, आणि घरातल्या घरात आपण किती चालतो याचा हिशेब कोणी धरत नाही. घरासाठी वेगळा, स्वच्छ जोड ठेवा आणि तो पलंगाजवळच ठेवा, म्हणजे रात्री लघवीला उठतानाही तो पायात जाईल. अंगठ्यात पट्टा असलेली रबरी चप्पल मात्र नको. पावसाळ्यात ओल्या पायाला ती बोटांच्या बेचक्यात घासते आणि तिथे नवी जखम होते.

घट्ट्यावर बाजारातली कॉर्नची पट्टी लावू नका, तिच्यातील आम्ल चांगली कातडीही जाळते. भेगांवर बिब्बा नको, हळद-चुन्याचा लेप नको आणि ‘शेक दिला की रक्त फिरते’ म्हणून कढत पाण्यात पाय बुडवणे तर मुळीच नको. बधिर पाय भाजल्यावर फोड आलेला दिसेपर्यंत कोणाला कळत नाही, आणि असे भाजलेले पाय मी दर पावसाळ्यात पाहते.

दर आठवड्याला मोबाइलवर जखमेचा फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही तर उपचार पुन्हा तपासून पाहिले पाहिजेत. भार पडतो आहे का, हाडात जंतुसंसर्ग आहे का, रक्तपुरवठा पुरेसा आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

उत्तर : पेडण्याहून

माझ्या आईच्या बाबतीत हे सगळे घडले असल्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही. तिच्या करंगळीला चपलेने घासून झालेली जखम काळी पडत गेली. करंगळी काढावी लागेल असे सांगण्यात आले, तेव्हा आमच्या नातलगांपैकी एकाने ‘एकदा कापायला सुरुवात झाली की ते वर वर कापत जातात आणि माणूस जातो’ असे ठामपणे सांगितले, आणि त्याने दोन-तीन ओळखीची उदाहरणेही दिली. आईने नकार दिला. पुढे गँगरीन पावलापर्यंत आले, गुडघ्याखाली पाय काढावा लागला आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच ती झोपेत गेली. आता तोच नातलग म्हणतो, ‘बघा, मी सांगितले नव्हते का?’ मला त्याला उत्तर देता येत नाही. पाय काढल्यामुळेच माणूस लवकर जातो, हे खरे आहे का, एवढे डॉक्टरांनी कृपया सांगावे. डिचोलीच्या ताईंनाही उद्या हा प्रश्न पडू शकतो.

उत्तर : निवृत्त फिजिशियन, फोंडा

तुमच्या आईविषयी वाचून वाईट वाटले. तुमच्या नातलगाने मांडलेला संबंध गावोगाव मानला जातो आणि त्यापायी दर वर्षी माणसे जातात, म्हणून त्याचा उलगडा नीट केला पाहिजे.

बोट किंवा पावलाचा काही भाग काढलेल्यांत पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४६ टक्के आणि घोट्याच्या वरून पाय काढलेल्यांत सुमारे ५७ टक्के आढळते, ही गोष्ट खरी आहे. परंतु पाय काढण्याची वेळ कोणावर येते? ज्याच्या रक्तवाहिन्या सर्वांत जास्त बंद झालेल्या असतात, ज्याची मूत्रपिंडे थकलेली असतात, ज्याचा जंतुसंसर्ग आवाक्याबाहेर गेलेला असतो, त्याच्यावर. म्हणजे ज्या आजाराने पाय जातो तोच आजार पुढे जीवही घेतो. शस्त्रक्रिया त्या प्रवासातला एक टप्पा असते. मोठ्या शस्त्रक्रियेचा स्वतःचा धोका असतो आणि पाय गेल्यावर हालचाल कमी होते, हेही खरे; पण कुजलेले बोट वेळेवर काढण्याने बहुधा पाय वाचतो आणि पुष्कळदा जीवही. तुमच्या आईच्या मृत्यूचे निश्चित कारण मी सांगू शकत नाही. झोपेत आलेला मृत्यू या रुग्णांत अनेकदा हृदयाशी निगडित असतो, एवढेच म्हणता येईल. वेळ करंगळीपाशीच होती आणि तुमच्या नातलगाचा सल्ला तिथेच महागात पडला, असे माझे मत आहे. तुम्ही त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये.

याच अनुषंगाने डिचोलीच्या ताईंना एक सूचना. जखम भरत नसेल तर बोटे काढण्याविषयी बोलण्यापूर्वी पायाचा रक्तपुरवठा मोजला गेला आहे का, हे विचारावे. घोट्याशी पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची पद्धत आहे. पण जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्या चुन्याच्या थराने कडक होतात आणि तिथला आकडा खोटाच चांगला दिसतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजणे अधिक विश्वासाचे असते, आणि तो ३० मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाला तातडीने दाखवावे. बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडता येते किंवा बायपास करता येतो. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड घरी असेलच. त्यात कोणते उपचार बसतात हे आजच विचारून ठेवा, आणीबाणीत विचारण्याची ती गोष्ट नाही.

सासरे बिडी-सिगारेट ओढत असतील किंवा तंबाखू खात असतील तर ती बंद करण्याइतके मोठे औषध मी देऊ शकत नाही. साखरेसाठी ते एसजीएलटी-२ गटातील गोळी घेत असतील, म्हणजे नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली, तर ही जखम असताना ती चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारा. या गोळ्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना उपकारक आहेत, पण पायाला उघडी जखम असताना त्या नव्याने सुरू करू नयेत आणि आधीपासून चालू असतील तर तात्पुरत्या थांबवण्याचा विचार करावा, असे २०२३ चे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नका.

प्रश्नकर्ती, डिचोली

सर्वांची मनापासून आभारी आहे. दिरांना हे सगळे वाचायला दिले आणि ते स्वतःच सासऱ्यांना तपासणीला घेऊन गेले. ईसीजीत जुन्या झटक्याची खूण असावी असे सांगितले आहे. सासऱ्यांना मात्र छातीत दुखल्याचे कधीच आठवत नाही. लघवीतही प्रथिने आढळली. आता इको होणार आहे आणि स्टॅटिन सुरू केले आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. सासरे शिरगावच्या श्री लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, आहेत. वैशाखातल्या जत्रेला व्रत धरून ते तरुणपणापासून अग्निदिव्य करीत, म्हणजे निखाऱ्यांवरून अनवाणी चालत, आले आहेत. तोपर्यंत जखम भरलेली असेल, तेव्हा मला अडवू नका, असे त्यांचे म्हणणे आहे. देवीच्या सेवेत आडवे येण्याचे धाडस घरात कोणाला होत नाही. दुसरे म्हणजे, त्यांना आयुष्याच्या धोक्याविषयी सांगावे की नाही, हे अजून ठरलेले नाही.

उत्तर : मये येथून, धोंड कुटुंबातील

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या धोंड आहेत, म्हणून श्रद्धेचा प्रश्न तुम्हाला किती जड जात असेल ते मी समजू शकतो. माझ्या थोरल्या काकांनाही मधुमेह होता आणि पाय बधिर झाले होते. त्यांनी व्रत सोडले नाही. सोवळे पाळले, उपास डॉक्टरांना विचारून आणि साखर तपासत केला, बेत (धोंडांची वेताची काठी) हातात घेऊन जत्रेला गेले. होमकुंडाशी मात्र हात जोडून बाजूला उभे राहिले आणि निखाऱ्यांवरून त्यांचा पुतण्या, म्हणजे मी, गेलो. हा निर्णय त्यांनी गावातल्या वडीलधाऱ्या धोंडांशी बोलून स्वतः घेतला होता. आमच्यावर तो लादायची वेळ आली नाही, कारण त्यांना आपल्या पायाची स्थिती पूर्णपणे ठाऊक होती. तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला इथे एकच दिसते. ज्या माणसाला आपल्या आजाराची माहितीच नाही, तो कोणत्या आधारावर निर्णय घेणार?

उत्तर : ड्रेसिंग विभागातील परिचारिका, म्हापसा

मी मये येथील बंधूंशी पूर्ण सहमत आहे, आणि माझ्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. ज्यांना फक्त ‘पायाला जखम आहे’ एवढेच सांगितलेले असते, ते जखम सुकली की गोळ्या थांबवतात, कारण त्यांच्या मते आजार संपलेला असतो. हृदयाची गोळी आयुष्यभराची का आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. शंभरात किती, हा आकडा सांगण्याची मुळीच गरज नाही. ‘साखरेने पायाबरोबर हृदयालाही इजा केली आहे, ईसीजीत ते दिसले आहे आणि आता ही औषधे कायम घ्यायची आहेत’ एवढे त्यांच्या मुलाने शांतपणे बसून सांगितले तर पुरे आहे. पुढे त्यांनी स्वतःहून विचारले, तर मात्र लपवू नये.

पुढच्या जत्रेला मुलाने किंवा नातवाने त्यांच्याबरोबर जावे. भर दुपारी तापलेल्या फरशीवरून देवळाला प्रदक्षिणा घालण्याची वेळ आली तरी धोका तोच, म्हणून दर्शन सकाळी लवकर घ्यावे आणि घरी आल्यावर दोन्ही तळवे पाहावेत. खाली वाकून दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून पाहता येते.

उत्तर : निवृत्त फिजिशियन, फोंडा

जत्रेविषयी वैद्यकीय बाजूने एवढेच सांगतो की, भरलेली जखम म्हणजे पूर्ववत झालेली कातडी नव्हे. अशी जखम भरल्यानंतर साधारण ४० टक्के रुग्णांत ती वर्षभरात पुन्हा होते आणि पाच वर्षांत सुमारे ६५ टक्क्यांत. निखाऱ्यांवरून निरोगी पाय सहज जात असेल, पण बधिर पायाला कुठे थांबायचे आणि कुठे झटकन उचलायचे ते कळत नाही. त्यामुळे अग्निदिव्याला माझा स्पष्ट नकार आहे, आणि तो त्यांना समजावून सांगायला मी आनंदाने बोलेन.

ईसीजीतील खूण ऐकून घाबरू नका. ती आज सापडली, हे या जखमेमुळे घडलेले चांगले काम आहे असे मी मानतो. इकोचा निकाल आल्यावर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा आणि जाताना पायाच्या जखमेचे कागदही बरोबर न्या, कारण दोन विभागांची औषधे एकाच डॉक्टरांच्या नजरेखालून जाणे आवश्यक असते. जखम भरल्यावरही पायाची तपासणी एक ते तीन महिन्यांनी होत राहिली पाहिजे; एकदा जखम झालेला पाय कायमच सर्वाधिक धोक्याच्या गटात धरतात.

आणि घरातील इतरांचेही पाहा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले आहे. तुमच्या यजमानांनी आणि दिरांनी साखर तपासून घेतली आहे का? सासूबाईंचीही तपासावी. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पायाची घरगुती चाचणी सोपी आहे. त्यांना डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा, दाबू नका, आणि कळले तेव्हा सांगायला सांगा. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर जखम होण्याची वाट न पाहता पाय डॉक्टरांना दाखवा.